फळा तिच्याच डोक्यावर

प्रिय दादा,

पाकीट बघून तू आधी ते उलटंसुलटं करशील, कोणी गेलं की काय म्हणून. कोणी गेलं नाही. मी ठणठणीत आहे, वजनही वाढलंय. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण आपल्या घरी माझा फोन आला की आई तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावते, आणि हे तुझ्या एकट्यासाठी आहे. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडी चिखलातून चालल्यासारखं. सावकाश वाच. कारखान्यात वाच, घरी नको.

आईनेच मागे सांगितलं की वहिनीला तू तिच्या भावाकडे पोचवून आलास. चौथ्यांदाही पोट रिकामं झालं, आता आणखी किती वाट बघायची, वकिलाने कागद तयार केलेत, दोघांच्या सह्या झाल्या की मोकळं. ‘मोकळं’ हा शब्द आई असा म्हणाली, जसं माळ्यावरच्या अडगळीबद्दल बोलावं. मी नुसतं ‘हूं’ म्हटलं. अशा गोष्टीत धाकट्याने तोंड घालायचं नसतं, त्यात मी घरातून पळालेला. म्हणून आधी माझंच सांगतो. तुझ्यापर्यंत त्यातूनच येतो, तेवढा धीर धर.

इथे परमुलखात येऊन मी काय काय केलं ते तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. बेकरी झाली, मग बर्फाचं गोदाम, मग रंगकाम, मग ट्रकवर हमाली. बूड कुठे टेकलं नाही. सकाळी उठलो आणि कालचीच भिंत समोर दिसली की माझे पाय वळवळतात, ते तुला ठाऊक आहे. पण आता वर्ष उलटून गेलं, एकाच जागी आहे. काम डुकरांच्या फार्मवर आहे. आईला ‘जनावरांचा दवाखाना’ असं सांगितलंय, तूही तेच सांग. लांबलचक पत्र्याच्या शेड आहेत, आत शिरताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, बाहेर पडताना अंघोळ करायची, तरी वास जात नाही. बसमध्ये माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी असते. ऐसपैस बसतो.

त्यातही मी नरांकडे आहे. पैदाशीचे नर वेगळे ठेवतात. एक लोखंडी सांगाडा असतो, वर गादी शिवलेली. नराला ती मादी वाटते. तो वर चढतो आणि आपण खाली बाटली धरून बसायचं. मग ते बाटलीतलं पातळ करून नळीने माद्यांना देतात, म्हणजे बापाची आणि आईची कधी गाठही पडत नाही. माझ्यासोबत एक आहे, आम्ही त्याला लांब्या म्हणतो. तो म्हणतो, आपल्याला चार बुकं जास्त शिकवली असती तर आज अशी दुसऱ्याची बाटली धरून बसायची वेळ आली नसती. हस. पण मोठ्याने नको.

नरांमध्ये एक होता, त्याला सगळे साहेब म्हणायचे. असा देखणा प्राणी मी दुसरा पाहिला नाही. पाठ सपाट, टेबल ठेवावं अशी. चालायचा तो पगाराच्या दिवशी मॅनेजर चालतो तसा. कामातही चोख, कधी नखरा नाही, आजारपण नाही. भिंगाखाली बघितलं तर बाटलीतलं सगळं पळतंय, जोमात. मुकादम कोणी पाहुणा आला की आधी साहेबाकडे घेऊन जायचा. म्हणून सगळ्यात जास्त माद्यांना साहेबाचंच दिलं जायचं.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो. मादी विते तिथे प्रत्येकीच्या कठड्यावर, डोक्याच्या बरोबर वर, एक छोटा फळा असतो. त्यावर खडूने लिहायचं, या वेताला पिल्लं किती. बारा-तेरा असली तर ठीक. पाच-सहाच असली तर मुकादम खडूने त्याला गोल करतो. दुसऱ्या वेतालाही गोल पडला की मादी गाडीत. गाडी म्हणजे कुठली ते तुला कळलं असेल. नराच्या कठड्यावर असा फळा नसतो. कशाला असेल? पिल्लं काही तो वीत नाही. तर त्या वर्षात गोल फार पडायला लागले. एकामागून एक माद्या गाडीत गेल्या. मुकादम म्हणायचा, हा माल खराब आला, असल्या भाकड माद्या कुणी गळ्यात मारल्या कोण जाणे. आम्हीही म्हणायचो. मी स्वतः हाकलून चढवल्यात. एक तर चढताना माझ्या पायावर पाय देऊन गेली, अंगठा काळा पडला होता. मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही.

मग एक डॉक्टरीणबाई नव्या आल्या. जनावरांच्या. नव्या होत्या म्हणून त्यांनी सगळे विचारायचे तो सोडून उलटाच प्रश्न विचारला. म्हणाल्या, या सगळ्यांचा बाप कोण? आम्ही हसलो. लांब्या म्हणाला, बाई, इथे लग्न लावत नाहीत. पण त्यांनी बाटल्यांच्या नंबरावरून काढलंच, आणि जिथे जिथे गोल होता तिथे साहेब निघाला. दुसऱ्या नराचं दिलं तर त्याच मादीला तेरा पिल्लं. मुकादम म्हणाला, शक्यच नाही, साहेबाकडे बघा तरी! बाई म्हणाल्या, बघूनच तर इथवर आलात.

साहेबाचं रक्त शहरात गेलं आणि तिथून एक फोटो आला. तो बाईंनी मला दाखवला, कारण रक्त काढताना त्याला मी धरलं होतं आणि मला चैन पडेना. दादा, फोटोत काय होतं सांगू? मोजे. पट्ट्यापट्ट्यांचे छोटे छोटे मोजे, जोड्या लावून ओळीत मांडलेले. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. शाळेत असतं म्हणे. आपण तोवर शाळा सोडली होती. प्रत्येक जिवाच्या कणाकणात अशा जोड्या असतात, एक मोजा आईकडून, एक बापाकडून, आणि अख्खं अंग कसं बनवायचं ते त्या पट्ट्यांत असतं. साहेबाच्या दोन जोड्यांमध्ये गडबड होती. एका मोज्याचं टोक तुटून दुसऱ्या जोडीतल्या मोज्याला चिकटलं होतं आणि त्याचं याला. अदलाबदल. बाकी काही नाही. हरवलं काही नाही, वाढलं काही नाही. म्हणून तर साहेब इतका धडधाकट.

मग वाईट काय झालं, हे मला कळेना. बाईंनी दोनदा सांगितलं, तरी कळेना. रात्रपाळी सुटल्यावर बसमध्ये बसल्या बसल्या तुझ्या कारखान्यातली कपाटं आठवली, तेव्हा कळलं. तुमचं एक कपाट दोन खोक्यांत जातं ना? एकात फळ्या आणि बिजागऱ्या, दुसऱ्यात खणांच्या पट्ट्या आणि स्क्रू. समज, भरणाऱ्याच्या हातून बिजागऱ्या गेल्या दुसऱ्या खोक्यात आणि स्क्रू आले पहिल्यात. दोन्ही खोकी एकाच घरी पोचली तर काय बिघडतं? कपाट उभं राहतं, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. साहेब म्हणजे ते घर. पण पिल्लू होताना बाप आपल्या प्रत्येक जोडीतला एकच मोजा देतो. चुकीच्या भरणीतलं एक खोकं गेलं आणि दुसरं बरोबर भरणीतलं गेलं, की एका घरात बिजागऱ्या दुप्पट आणि स्क्रूच नाहीत. कपाट उभं राहत नाही. पिल्लू पोटातच, अगदी सुरुवातीलाच, विरून जातं. मादीला कळतसुद्धा नाही. आणि गिऱ्हाईक काय म्हणतं? आमच्या घराची भिंतच वाकडी.

साहेब गाडीत गेला. मीच चढवला. बाकीच्यांना ढकलावं लागतं, तो माझ्यामागून आपणहून चढला, त्याला वाटलं असेल नेहमीसारखं सांगाड्याकडे चाललोय. नंतर बाईंनी नरांच्या कठड्यांवरही फळे लावून घेतले. झालं, फार्मची गोष्ट संपली.

आता माझी. मी इथे एकीसोबत राहतो. दोन वर्षं होत आली. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय. हॉस्पिटलच्या चादरी धुण्याइस्त्रीच्या कारखान्यात ती कामाला आहे, म्हणून लांब्या तिला इस्त्रीवाली म्हणतो. आपली भाषा तिला येत नाही, शिव्या तेवढ्या येतात, त्या मी शिकवल्या. खोली एकच आहे, खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते, पण भिंतीवर वेल आहे. जेवताना मी तिला साहेबाची गोष्ट सांगितली, मोठ्या रंगात, मुकादमाची नक्कल वगैरे करून. ती हसली नाही. तिने हातातला घास खाली ठेवला. म्हणाली, साहेबाचं रक्त तपासलं. तुझं कोण तपासणार?

कारण आमचीही दोन गेली होती दादा. एक अगदी थोड्या दिवसांचं, दुसरं बरंच पुढे गेलं होतं. तेही कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी मी तिला म्हणालो होतो, तू चादरींचे गठ्ठे उचलतेस म्हणून. दुसऱ्या वेळी ती गठ्ठे उचलत नव्हती, तर म्हणालो, तू नीट जेवत नाहीस. माझ्याबद्दल मला शंकासुद्धा आली नाही. कशी येणार, मी तर धडधाकट.

दोघांचं रक्त दिलं. तिचं स्वच्छ. माझ्या फोटोत मोजे तसेच, अदलाबदल झालेले. माणसाच्या डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा मला दाखवायची गरजच नव्हती, मी स्वतःच बोट ठेवलं. माझं काय झालं असेल ते ओळख. मला तर आधी हसू आलं. मग मी विचारलं, चिकटवून जागेवर नाही का बसवता येत? ते म्हणाले, अख्ख्या अंगात, कणाकणात तसंच आहे, कुठे कुठे चिकटवू? लांब्याने तोवर फोनवर काहीतरी वाचून मला सांगून ठेवलं होतं की असल्या अदलाबदलीने रक्ताचा कॅन्सर होतो, तू आपली बाटली दुसऱ्याकडे सोपव. तेही विचारलं. डॉक्टर म्हणाले, तो प्रकार वेगळा, तो मोठेपणी एखाद्या कणात नव्याने होतो आणि त्याच कणाची बेसुमार पिलावळ वाढते. तुझी अदलाबदल जन्माची आहे, तिने तुला काही होणार नाही. आणि एक सांगितलं ते मला फार आवडलं. म्हणाले, तोडजोडीला इतका घाबरू नकोस, तुझं रक्तच त्यावर चालतं. रोगाशी लढणारे जे कण असतात, ते तयार होताना आपले तुकडे मुद्दाम कापून नव्या नव्या तऱ्हेने जोडतात, म्हणून कधी न पाहिलेल्या रोगासाठीही एखादं हत्यार तयार निघतं. लहानपणी इतके ताप काढलेस आणि जगलास, तो त्याचाच प्रताप.

मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या मला मागच्या कुंपणाशी घेऊन गेल्या. जंगलातला एक रानडुक्कर मध्ये कुंपण फोडून आत आला होता, त्याची पिल्लं आम्ही वेगळी ठेवली होती, अंगावर पट्टे असलेली, महाद्वाड. बाई म्हणाल्या, इथल्या रानडुकरांत केव्हातरी दोन मोजे एकमेकांना सबंध जोडले गेले, आणि ते तसेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यामुळे त्यांच्या मोज्यांची संख्या पाळीव डुकरांपेक्षा कमी भरते. या पिल्लांत तर ती आणखीनच विचित्र, ना धड इकडची ना तिकडची. आणि बघ, कशी हुंदडताहेत. चूक पुष्कळ पिढ्या टिकली की तिला कोणी चूक म्हणत नाही, ती जात होते. मला बरं वाटलं. का ते नीट सांगता येणार नाही.

पण माणसाच्या डॉक्टरांनी शेवटी मला जे विचारलं, त्यासाठी हे सगळं लिहिलंय. त्यांनी विचारलं, भाऊ-बहीण आहेत? मी म्हटलं, एक थोरला भाऊ. त्यांना मुलं? मी म्हटलं, नाहीत, चार वेळा गेलं. मग त्यांनी विचारलं, तुझ्या आईची अशी गेली होती का? तू आणि मी यांच्यामध्ये नऊ वर्षं आहेत दादा. तू तेव्हा लहान असलास तरी तुला आठवत असेल. आई अधूनमधून दोन दिवस अंथरुणावर पडून राहायची आणि शेजारच्या काकू येऊन स्वयंपाक करायच्या. बाबा काही बोलायचे नाहीत, पण बाकीचे बोलायचे, हिला पोट धरवत नाही म्हणून. आई ते सगळं ऐकून झालेली बाई आहे. आणि आज तीच वहिनीला बोलते. मला तिचा राग येत नाही. तिच्याही डोक्यावर फळाच होता, कोणी तिला सांगितलंच नाही की तो दुसरीकडेही लावता येतो.

हे बाबांकडून आलं की आईकडून, ते आता बाबा नसल्यामुळे आईचं रक्त तपासूनच कळेल. ते मला तपासायचं नाही. तूही तो विषय काढू नकोस. या वयात तिला काय द्यायचंय, उत्तर?

तुझ्यात असेलच असं नाही. जन्मलेल्या भावंडांत साधारण निम्म्यांत निघतं, असं डॉक्टर म्हणतात. पण वहिनीची चार गेली. डुकरिणीच्या पोटात एका वेळी बारा असतात, म्हणून सात विरली तरी पाच दिसतात आणि लोक म्हणतात, कमी झाली. बाईच्या पोटात एकच असतं. ते गेलं की काहीच उरत नाही दाखवायला. आणि निघालं तुझ्यात, तर मूल होणारच नाही असंही नाही. आपण दोघे कुठून आलो मग? दोन्ही खोकी कधीतरी बरोबर पडतात. लवकर तपासता येतं, डॉक्टर वाट सांगतात. आम्ही पुन्हा बघणार की नाही ते अजून ठरलेलं नाही. इस्त्रीवाली म्हणते, आधी मोठी खिडकी असलेली खोली बघू.

आता शेवटचं, आणि ते ऐकून तू चिडशील. हे सगळं मी वहिनीला आधीच सांगितलंय. माझा निकाल आला त्याच दिवशी तिला फोन केला. ती फक्त तपासणीचं नाव पुन्हा एकदा सांग म्हणाली. तिने तिथल्या हॉस्पिटलात जाऊन स्वतःचं रक्त दिलं. तिचं स्वच्छ आहे दादा. हे तिला कळून बरेच दिवस झाले आणि तिने तुला फोन केला नाही. मी म्हटलं, अगं मग सांग ना त्याला, घरी जा, सगळ्यांसमोर सांग. तर म्हणाली, मी सांगितलं तर ते भांडण होईल, तू सांगितलंस तर ती माहिती होईल. म्हणून पत्र. तिला माफी नको आहे, आईने चार शब्द गोड बोलावेत असंही नको आहे. परत यायचं की नाही ते ती नंतर ठरवणार आहे, आणि ते तिचं तीच ठरवेल, त्यात तू गळ घालायची नाहीस. वकिलाचे कागद तिच्याकडे पोचलेत. ती सही करायला तयार आहे. फक्त तिचा एक निरोप आहे, तिच्याच शब्दांत लिहितो: त्याला म्हणावं, आधी रक्त दे, मग सही माग.

तुझाच,
धाकटा